दवाखान्यातील संशोधन आणि रुग्णाची संमती

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. मळमळ, उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, काहींना भ्रम, काहींची दृष्टीच अधू झालेली. जुलै ते ऑक्टोबर या काळात असे शेकडो रुग्ण जिल्ह्यातील रुग्णालयांत, मुख्यत्वे यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि यथावकाश हे प्रकरण थेट स्वित्झर्लंडमधील न्यायालयापर्यंत पोहोचले.

या घटनेची चर्चा शेती, कंपन्या आणि प्रशासन यांच्या अंगाने पुष्कळ झाली. तिची एक वैद्यकीय बाजू मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली. रुग्णाच्या शरीरात नेमके कोणते विष गेले आहे, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अनेकदा ठाऊकच नव्हते. शेतकरी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारत होते. मजुराला तर डब्यावरचे नाव वाचण्याची संधीही मिळालेली नसे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषावर अॅट्रोपिन हा उतारा चालतो. डायफेनथ्युरॉनसारख्या कीटकनाशकावर विशिष्ट असा उताराच नाही. दोन्हींची बाह्य लक्षणे सुरुवातीला सारखी भासू शकतात. रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची पातळी तपासली, तर निदान विष कोणत्या गटातले याचा अंदाज येतो. परंतु त्या हंगामात यवतमाळच्या रुग्णालयात ही तपासणी होत नव्हती.

रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी सहसा कोठे जातो? गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यात. तो एमबीबीएस डॉक्टरचा असेल, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधराचा असेल. पहिली लक्षणे तेथे दिसतात, पहिले इंजेक्शन तेथे दिले जाते, आणि त्याची नोंद राहिलीच तर एका कागदाच्या चिठ्ठीवर राहते. ही चिठ्ठी रुग्णाच्या खिशात, बहुतेक वेळा पावसात भिजून, संपते. वैद्यकीय संशोधनाला सर्वांत आधी लागणारा कच्चा माल असा रोज जिल्ह्याजिल्ह्यांत नाहीसा होत असतो. या दवाखान्यांना आणि त्यांच्या रुग्णांना संशोधनात सामावून घेता येते का, घेतले तर रुग्णाच्या पदरात काय पडते आणि त्याचे हक्क कोणते, हा विषय म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

मोठ्या रुग्णालयाबाहेरचे जग

वैद्यकीय संशोधन म्हटले की प्रयोगशाळा आणि महानगरातील रुग्णालये डोळ्यांसमोर येतात. परंतु रुग्णालयात पोहोचणारे आजार हे समाजातील आजारांचा एक लहानसा आणि बराच निवडक भाग असतात. सर्दी-ताप, सुरुवातीचा रक्तदाब, दंश, विषबाधेचे सौम्य प्रकार हे सारे दवाखान्यातच सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या वेन्स्लीडेल खोऱ्यात व्यवसाय करणारे विल्यम पिकल्स यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. खेड्यातील प्रत्येक संसर्गाची तारीखवार नोंद त्यांनी ठेवली. कोण कोणाच्या घरी गेले, जत्रेत कोण कोणाला भेटले, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे साथीच्या काविळीचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे त्यांना काढता आले. शहरातील विशेषज्ञाला ते शक्य नव्हते, कारण त्याला रुग्णाचे शेजारी माहीत नसतात. पिकल्स यांचे त्यावरील पुस्तक १९३९ मध्ये निघाले. पुढे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १७६ दवाखान्यांतून १७,३५४ रुग्णांना सामील करून सौम्य रक्तदाबावरील औषधांची चाचणी घेतली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष प्रांजळ होता: पक्षाघाताचा एक झटका टाळण्यासाठी साधारण ८५० रुग्णांना वर्षभर औषध द्यावे लागते. एवढा बारीक फरक मोजायचा तर दवाखान्यांचे जाळेच हवे.

भारतात असे कायमस्वरूपी जाळे उभे राहिलेले नाही. मात्र ते उभे राहू शकते याची झलक पुण्यातून मिळाली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातील ८८० शहरे व गावांमधील ७,४०० डॉक्टरांकडून त्या दिवशी आलेल्या रुग्णांची नोंद करून घेतली. एकूण २,०४,९१२ रुग्ण. निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाशी संबंधित तक्रारी होत्या, ताप हे सर्वाधिक आढळलेले लक्षण होते आणि निदानांत उच्च रक्तदाब पहिला होता. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात रुग्णाला कोणतेही नवे औषध द्यायचे नव्हते. डॉक्टरने एक दिवस शिस्तीने लिहायचे होते, इतकेच. तरीही देशातील लोक डॉक्टरकडे कशासाठी जातात, या साध्या प्रश्नाचे इतके मोठे उत्तर त्याआधी मिळालेले नव्हते.

महाडचा दवाखाना

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर स्थानिक डॉक्टर आणि त्याचे रुग्ण मिळून काय घडवू शकतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण रायगड जिल्ह्यातील महाडचे आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावात जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. दंशावर तेव्हा उतारा नव्हता आणि मृत्यू नेमका कशाने येतो, याचेही उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते.

बावस्करांनी रुग्णांच्या खाटेजवळ रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांची नोंद ठेवली. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसली, की पुढे हृदयावर संकट येते, हा क्रम त्यातून उलगडला; १९८२ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विंचवाच्या विषाने शरीरातील अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी भरते. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध रक्तदाबासाठी बाजारात होते. तेच त्यांनी दंशाच्या रुग्णांना दिले आणि त्याचे परिणाम १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पूर्वी गंभीर दंश झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत. हे प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. गोळी स्वस्त, तोंडाने घेण्याजोगी. खेड्यातील कोणत्याही डॉक्टरला देता येईल अशी.

तिसरा टप्पा आणखी बोलका आहे. विंचूदंशावरील प्रतिविष उपलब्ध झाल्यावर, प्राझोसिन पुरेसे की सोबत प्रतिविषही द्यावे, हा प्रश्न उभा राहिला. महाडमधील स्वतःच्या रुग्णालयात डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली. विषाचे परिणाम सर्व शरीरावर दिसू लागले आहेत, पण फुफ्फुसात अद्याप पाणी झालेले नाही, असे हे रुग्ण. कोणाला कोणता उपचार मिळणार, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकावी तसे यदृच्छेने ठरले. ३५ जण एका गटात, ३५ दुसऱ्या. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या गटात ३२ होते, केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटात ८. हा अहवाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. तालुक्याच्या गावातील एका खासगी दवाखान्यातून जगाच्या वैद्यकाला मिळालेले हे उत्तर होय. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे बहुतेकांना माहीत असते. ज्या शेतमजुरांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शरीरावर हे ज्ञान उभे आहे, त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. संशोधनाच्या रीतीप्रमाणे ती गुप्तच राहावी लागतात.

महाडच्या उदाहरणातून एक बाब सहज निसटते. १९७०-८० च्या दशकांत संशोधनाला आजच्यासारखी कायदेशीर चौकट नव्हती. रुग्ण डॉक्टरवर विसंबला आणि डॉक्टर त्या विश्वासाला जागला, एवढाच तो करार. प्रत्येक डॉक्टर तसाच जागेल, अशी हमी कोणालाही देता येत नाही; म्हणून नियम लागतात.

तुलना गटातील स्त्रिया

विदर्भातच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये दाखवून दिले, की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची कोणती ना कोणती तक्रार होती आणि जेमतेम आठ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. या अभ्यासात गावातील स्त्रिया आल्या त्या परिचयामुळे, आणि राणी बंग यांच्यासारखी स्त्री डॉक्टर तपासणार होती म्हणून. पुढे त्याच जिल्ह्यात गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. ३९ गावांत ही सेवा आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी रचना होती. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर ‘आशा’ कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी भेट देते, त्यामागे हे संशोधन आहे.

तुलनेसाठी ठेवलेल्यांना काय मिळते, हा प्रश्न मात्र टोचणारा आहे. तो सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला तो तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. १९९९ पासून तेथील १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी नव्हती, नेहमीची आरोग्यसेवा होती. आठ वर्षांत विषाणू-चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया मरण पावल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. एकच चाचणी आयुष्यात एकदा केली तरी मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे २००९ मध्ये जगाला समजले. त्याचबरोबर, तपासणीचा उपयोग इतरत्र सिद्ध असताना चौथा गट तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा वादही वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत पुढे रंगला. भारतात तेव्हा अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, हा एका बाजूचा युक्तिवाद. गरिबी ही संशोधनाची सोय ठरू नये, हा दुसऱ्या बाजूचा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक वजनदार वाटते, जरी पहिल्या बाजूच्या आकड्यांमुळेच पुढे असंख्य स्त्रियांचे प्राण वाचणार असले तरी.

‘तुम्ही म्हणाल तसे, डॉक्टर’

स्थानिक दवाखान्यामार्फत होणाऱ्या संशोधनाची खरी अडचण येथे येते. ज्या विश्वासामुळे रुग्ण सहज सामील होतो, त्याच विश्वासामुळे त्याची संमती खरोखर मुक्त आहे का, अशी शंका निर्माण होते. घाटंजी किंवा मारेगावच्या बाजूचा रुग्ण पिढ्यान् पिढ्या ज्या डॉक्टरकडे येतो, उधारीवर इंजेक्शन घेतो, मुलीच्या लग्नाचे पहिले आमंत्रण देतो, त्या डॉक्टरने पुढे केलेल्या कागदावर तो सही नाकारील, हे संभवत नाही. कोलाम पाड्यावरील माणसाच्या बाबतीत तर भाषेचाही अडसर असतो; मराठीत लिहिलेले संमतिपत्र त्याच्यासाठी परकेच. दुसरी अडचण समजुतीची आहे. डॉक्टर जे देतो ते आपल्याला बरे करण्यासाठीच, असे रुग्ण धरून चालतो. संशोधनात मात्र कोणता उपचार सरस, हे ठाऊक नसते म्हणूनच चाचणी असते, आणि कोणत्या गटात कोण जाणार, हे डॉक्टरच्या हाती नसते. हे रुग्णाला समजावणे म्हणजे ‘मला अजून माहीत नाही’ अशी कबुली देणे. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला ती जड जाते.

संमतीचा विपर्यास कोठवर जाऊ शकतो, हे २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथील एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात दिसले. खम्मममध्ये वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या वतीने अनेक ठिकाणी वसतिगृहप्रमुखांनीच सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही नव्या औषधांच्या चाचण्यांबाबत सरकारला खडसावले. आजचे बरेचसे नियम त्या काळातील या संतापातून आलेले आहेत.

नियम काय सांगतात

नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ ची ‘नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमावली’ लागू आहे. इतर जैववैद्यकीय संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली जातात. दोन्हींचा गाभा एकच: रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला कळेल असे सांगितले पाहिजे, संमतिपत्राची प्रत त्याच्या हाती दिली पाहिजे, कोणत्याही क्षणी, कारण न देता, तो बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. औषध-चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि चाचणीमुळेच इजा झाल्याचे ठरल्यास भरपाई, हा रुग्णाचा हक्क आहे. निरक्षर व्यक्तीच्या संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार लागतो. रुग्ण जमवल्याबद्दल डॉक्टरला काही मानधन मिळत असेल, तर ते नैतिकता समितीपुढे उघड करावे लागते. रुग्णानेही ते विचारावे. त्यात अवमान काही नाही. चाचणी खरोखर नोंदलेली आहे का, हे भारतीय चाचणी नोंदणीवहीत कोणालाही पाहता येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या वहीत जून २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली.

नैतिकता समितीचा मुद्दा यवतमाळसारख्या जिल्ह्याला विशेष लागू पडतो. समितीत किमान सात सदस्य हवेत आणि त्यांपैकी निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावेत. ज्या ठिकाणी स्वतःची समिती नाही, तेथे होणाऱ्या औषध-चाचणीला त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या परिघातील समितीची मान्यता चालते. आता नकाशा पाहा: पुसद आणि उमरखेड ही दोन्ही गावे यवतमाळ शहरापासून याहून बरीच दूर आहेत. शहरातील डॉक्टरला जी सोय सहज मिळते ती तेथील डॉक्टरला मिळणे अवघड. परिघाची मर्यादा घालण्यामागे समितीने प्रत्यक्ष जाऊन देखरेख ठेवावी हा हेतू आहे आणि तो रास्तच आहे. परंतु विरळ वस्तीच्या, सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात त्याचा परिणाम असा होतो, की ज्यांचे आजार सर्वांत कमी अभ्यासले गेले ते अभ्यासाबाहेरच राहतात.

औषध-चाचणीपर्यंत जाण्याची मात्र प्रत्येक वेळी गरज नसते. पुण्याच्या एकदिवसीय अभ्यासासारखे नोंदींवर आधारलेले संशोधन तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते. त्यालाही समितीची मान्यता लागते, पण जोखीम अत्यल्प असल्यामुळे प्रक्रिया सुटसुटीत असते. खरी अडचण आहे ती नोंदींची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरला बंधनकारक आहे. बाह्यरुग्णाच्या साध्या केसपेपरला तसे संरक्षण नाही. फवारणीनंतर चक्कर येऊन दवाखान्यात आलेला आणि सलाईन लावून तासाभराने घरी गेलेला मजूर बहुधा याच दुसऱ्या प्रकारात मोडतो.

त्या मजुराबाबत दवाखान्यात काय लिहून ठेवता येईल? फवारलेल्या औषधाचे किंवा औषधांचे नाव, जमल्यास रिकाम्या डब्याचे छायाचित्र. फवारणी किती तास चालली, पंप पाठीवरचा हाताचा होता की बॅटरीचा, पीक कमरेएवढे होते की डोक्याच्या वर, कारण २०१७ मध्ये कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. लक्षण पहिल्यांदा केव्हा जाणवले, बाहुल्या आकुंचित होत्या की नाही, अॅट्रोपिन दिले असल्यास किती आणि केव्हा. अर्ध्या पानाचा मजकूर. एका दवाखान्यात हंगामाला असे दहा-पंधरा कागद जमतील. त्यांतून फारसे निष्पन्न होणार नाही. राळेगाव, कळंब, आर्णी, केळापूर, झरी-जामणी अशा तालुक्यांतील पन्नास दवाखान्यांनी एकाच नमुन्यात, रुग्णाला विचारून आणि त्याचे नाव वेगळे काढून, ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवले, तर कोणत्या मिश्रणाने दृष्टी जाते आणि कोणत्या रुग्णाला तातडीने हलवावे लागते, हे पुढच्या पोळ्याच्या आत सांगता येण्याजोगे असेल. ते ज्ञान त्याच दवाखान्यांकडे परत यायला हवे, ही अट रुग्णाने संमती देतानाच घालावी.